सारजाबाईची एकतिसावी रात्र

ती मोबाईलची बत्ती बंद कर आदी, पप्पू. तोंडावर मारू नको. लाईट गेली तर गेली, अंधारात कान काय बंद पडत न्हाईत. आन ती मूर्तीच्या घरांची यादी खाली ठेव. गीताबाईचं घर कावून गाळलं म्हणून इचारलं तर म्हणतोस, "आप्पा, तिकडं लई चिखल हाय, गाडी जात न्हाई." गाडी! मरियामातेला गाडी लागती व्हय रे? का तुमच्या बुटांना चिखल लागतो?

बसा. समदे इथं चर्चच्या पायरीवर बसा. आज तीस तारीख, उद्या एकतीस. म्हणून आजच सांगून टाकतो. ही काय बनवलेली गोष्ट न्हाई. मुंजाजीबरोबर घडलेलं हाय. घंटा वाजवायचा तो मुंजाजी, गेल्या मार्चात वारला तो. त्यानं हे मला सांगितलं तवा माझं मनगट असं घट्ट धरलं होतं की दोन दिवस वळ राहिले. माणूस भित्रा होता, पण खोटं बोलणारा नव्हता.

तुमाला समदं ठाऊक हाय, तरी पयल्यापासून सांगतो, कारण ठाऊक असून इसरायलाव तुमी. ऑक्टोबर म्हंजी जपमाळेचा महिना. एकतीस रात्री, एकतीस घरं. दसरा झाला की टोळ्या ऊसतोडीला निघतात, म्हणून तोडणीवाल्यांची घरं आदी, म्हाताऱ्या-कोताऱ्यांची मागून. ज्या घरी मरियाआईच्या मूर्तीचा मुक्काम, तिथं समद्यांनी मिळून माळ म्हणायची. नव्या बाजरीची कणसं आईच्या पायाशी ठेवायची, घुगऱ्या वाटायच्या. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिथून उचलून म्होरच्या घरी. उचलणाऱ्यानं अनवाणी चालायचं. त्यानं वाटंनं एक शब्द बोलायचा न्हाई. आन ज्या उंबऱ्यावर मेणबत्ती पेटलेली दिसंल, तिथं थांबायचं. घरात भांडण असू दे, आजार असू दे, यादीत नाव असू दे का नसू दे. पेटलेल्या मेणबत्तीसमोरून आई पुढं न्यायची न्हाई.

सारजाबाईचं घर ओढ्याकडंचं, वस्तीतलं शेवटचं. तिचा नवरा याकोब. ह्या चर्चच्या पायाचे दगड त्यानं डोक्यावर वाहिलेत, ज्याच्यावर आता तुमी बूड टेकवून बसलाव. याकोब गेला, पोटी लेकरू न्हाई. शेवटचं घर म्हणून शेवटची रात्र तिची. चाळीस वर्सं. त्या रात्री आई तिच्याकडं, आन एक तारखेच्या सकाळी मिस्साच्या प्रार्थनेला तिथूनच चर्चात. म्हातारी रातभर डोळ्याला डोळा लावायची न्हाई. बाकी वर्सभर तिच्या घरी कोण जात होतं? कुत्रं न्हाई. ती एक रात्र तिची होती, बास.

आता रविराज. तवा आपल्या चर्च कमिटीचा चेअरमन. रस्त्याच्या कडंनं दुकानाचे गाळे काढायचे म्हणून ह्या गड्यानं कब्रस्तानाचं तारेचं कुंपण आत सरकवलं. अकरा जुनी थडगी कुंपणाबाहेर गेली. याकोबचं त्यातलंच. कुणी बोललं? कुणी न्हाई. रविवारच्या मिस्सानंतर सारजाबाई एकटी उभी राहिली आन समद्यांसमोर म्हणाली, "रविराज, माझा माणूस तुझ्या गाळ्याखाली निजवायलास व्हय रं? मेलेल्याला तरी नीट पडू दे की."

रविराजचं तोंड लाल झालं. आन आमी समद्यांनी काय केलं? जमिनीकडं बघितलं. मी बी बघितलं. आजबी त्याचा राग येतो मला, पण आता येऊन काय उपेग?

हे दोन हजार अठराचं. त्याच साली रविराजनं फाट्याकडं नवं घर बांधलं. खाली-वर, समद्या फरश्या चकचकीत. सप्टेंबरात मुंजाजी यादी लिहायला बसला. अक्षर त्याचं चांगलं, म्हणून यादी दरसाली तोच लिहायचा. रविराज त्याच्या मागं येऊन उभा राहिला.

"शेवटची रात्र यंदा माझ्याकडं. बीडचे पाव्हणे येणार हायत."

"मंग सारजाबाईला कितवी देऊ?"

"देऊच नको."

मुंजाजीचा पेन थांबला.

"ऐकू आलं न्हाई का बे?"

आता मुंजाजीची खोली चर्चच्या मागं, ती कमिटीच्या हातात. डावा पाय अधू. घंटेच्या खांबावरून पडला तवापासून डावा गुडघा वळायचा न्हाई. प्रार्थनेला बसायचा तर उजवा गुडघा टेकवायचा आन डावा हात भुईवर. असा माणूस, जाणार कुठं? त्यानं सारजाबाईच्या नावाची ओळ खोडली. लक्षात ठेवा, खोडली ती मुंजाजीनं. रविराजनं नुसतं सांगितलं.

सारजाबाईला कुणी कळवलंच न्हाई. तिनं आपलं नेहमीसारखं घर सारवलं, अंगण झाडलं. एकतीस तारखेला आई तिच्या घरावरून निघाली. पुढं मुंजाजी मूर्ती घेऊन, मागं टेम्पोवर स्पीकर, मागं आमी. म्हातारी उंबऱ्यात उभी होती. नवं लुगडं नेसलेली. एका हातात पेटलेली मेणबत्ती, पायाशी पाण्याचा तांब्या, आन परातीत हरभऱ्याच्या घुगऱ्या. पायावर पाणी घालायला ती वाकली बी.

मुंजाजीची चाल मंदावली. मागून रविराज म्हणाला, "चल म्होरं."

आन मुंजाजी गेला. त्याच्या मागं आमी साठ-सत्तर माणसं गेलो. पेटलेल्या मेणबत्तीसमोरून! गाणी म्हणत!

म्हातारी रडली न्हाई. तुमाला वाटत असंल रडली. तिनं ती परात उचलली आन भर रस्त्यात पालथी केली. मेणबत्ती सोताच्या दोन बोटांनी इझवली. आन म्हणाली, "मुंजा, पुढच्या साली मी तुझी वाट बघणार न्हाई. तुझा तूच येशील."

फेब्रुवारीत ती गेली. तिला मातीत ठेवून आलो त्या दिवशी रविराजनं तिच्या घराला कुलूप लावलं आन किल्ली खिशात टाकली.

आता ऐका. मधी बोलू नका.

दोन हजार एकोणीस. एकतीस ऑक्टोबर, गुरुवार. दिवाळी होऊन दोन-तीन दिवस झाले होते, तरी पाऊस जायला तयार नव्हता. कापूस झाडावर काळा पडला होता, बाजरीच्या कणसाला मोड आले होते. यादीत शेवटचं नाव परत रविराजचंच. मूर्ती आश्रुबाच्या घरी होती. आदल्या रातीचा मुक्काम त्याच्याकडं. पावसामुळं मंडळी जीपात बसून परस्पर रविराजच्या घरी गेली. मूर्ती आणायला मुंजाजी एकटा.

आश्रुबाच्या भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती. आश्रुबा म्हणाला, "थांब मुंजा, पोरगा गाडीवर सोडतो."

"न्हाई. पायीच नेतो. रीत हाय."

हितं मला मुंजाजीचा लई राग येतो बघा. पायी जायची रीत आठवली, मेणबत्तीची आठवली न्हाई!

त्यानं मूर्ती शालीत गुंडाळली, वरून प्लास्टिक घेतलं. गळ्यात बॅटरी अडकवली. चपला आश्रुबाच्या दारातच सोडल्या. आश्रुबाचं घर ते रविराजचं घर सात मिनिटांचा रस्ता, लंगडत गेलं तर दहा. आदी सारजाबाईचं घर, मंग बाभळ, मंग ओढ्यावरची मोरी, की लगीच रविराजचे दिवे.

पाऊस बारीक होता. वारा मात्र अंगातला सदरा ओढत होता. मुंजाजी मान खाली घालून चालला होता. सारजाबाईचं घर आलं ते त्याला वर न बघता कळलं. पायाखाली उजेड पडला होता.

उंबऱ्यावर मेणबत्ती पेटलेली.

दार बंद. कुलूप जिथल्या तिथं. आन त्या वाऱ्यात ज्योत सरळ उभी. हालत बी नव्हती.

त्याला वाटलं, पोराटोरांचा खेळ असंल. मनाला तसं सांगितलं त्यानं. आन गेला म्होरं. परत! दुसऱ्या साली परत तेच!

बाभळ गेली. मोरी गेली. मोरीखालून पाणी खळखळ वाहत होतं, ते त्यानं ऐकलं. आता वळणावर दिवे दिसायचे. वळण आलं. दिवे न्हाईत. लाईट गेली असंल म्हणून तो चालत राहिला. खिशात मोबाईल वाजायला लागला. रविराजच असणार. पण दोन्ही हातात आई, आन वाटंनं बोलायचं न्हाई. वाजून वाजून बंद पडला.

मंग पायाखाली उजेड आला.

सारजाबाईचं घर.

तो कुठं वळला नव्हता. मागं फिरला नव्हता. रस्ता एकच हाय हो, तुमी रोज जाता त्यावरून, चुकायला दुसरी वाट हाय कुठं? तरी घर समोर. उंबऱ्यावर मेणबत्ती. आता बाजूला पाण्याचा तांब्या. आन परात. घुगऱ्यांतून वाफा निघत होत्या. लसणाच्या फोडणीचा वास त्याच्या नाकात गेला.

मुंजाजी पळाला. त्या पायानं जेवढं पळता येईल तेवढं. बाभळ. मोरी. मोबाईल परत वाजला. परत बंद. आन हातातली मूर्ती जड व्हायला लागली. प्लॅस्टरची मूर्ती ती, तुमची बारकी बहीण उचलंल. पण मोरी ओलांडली तवा ज्वारीचं भरलेलं पोतं धरल्यागत त्याचे खांदे उतरले. बोटं सुटायला लागली. पण आईला खाली ठेवायचं कसं, चिखलात?

वळण.

उजेड.

या खेपेला दार उघडं होतं.

कुलूप कडीत तसंच. लागलेलं. कडी बी जागेवर. आन दार उघडं… कसं ते मला इचारू नका, त्याला बी सांगता आलं न्हाई.

आत अंधार.

मुंजाजी थांबला. आतून "ये" न्हाई, "बस" न्हाई. तो उंबऱ्यापाशी उभा राहिला तसं त्याच्या पायावर पाणी पडलं. कोमट. वरून, तांब्यातून ओतल्यागत. त्यानं खाली बघितलं. तांब्या भुईवरच होता. कुणी उचलला नव्हता.

तो आत गेला. मूर्ती हलकी झाली. समोरच्या भिंतीत कोनाडा, चाळीस वर्सं मूर्ती जिथं ठेवायचे तोच. त्यानं ठेवली. उजवा गुडघा टेकवला, डावा हात भुईवर. छप्पर गळत होतं, सारवलेली भुई मऊ झाली होती. माळ काढली, आन "नमो मरिये" सुरू केलं.

आपली माळ कशी असती? अर्धं एकानं म्हणायचं, उरलेलं अर्धं बाकीच्यांनी. मुंजाजीनं त्याचं अर्धं म्हटलं. थांबला. सवयीनं थांबला. तिथं कोण होतं उत्तर द्यायला?

…

उत्तर आलं.

उजव्या बाजूनं. त्याच्या खांद्याजवळून. म्हातारीचा आवाज. शब्द तेच, आपल्या प्रार्थनेचेच, एक बी चुकला न्हाई. पण दात-ओठ खाऊन म्हटलेले. प्रार्थना कुणी अशी म्हणतं का? आपण आपल्या मरणाच्या घडीचं जिथं म्हणतो, तिथं ती आवाज चढवायची. दर खेपेला. दर मण्याला.

मुंजाजीनं मान वळवली न्हाई.

दहा मणी झाले. दुसरे दहा झाले. तिसऱ्या दहाला मागं काहीतरी टेकलं. मऊ भुईवर. धप्. मंग अजून एक. अजून एक… मागची खोली भरत चालली होती. कुणी तरी खोकलं. तो खोकला मुंजाजीच्या वळखीचा होता. माझ्या बी असता. दगड फोडून फोडून याकोबची छाती गेली होती, शेवटची तीन वर्सं रविवारी अख्खं चर्च तो खोकला ऐकायचं.

मंग उत्तर समद्यांनी मिळून दिलं.

मुंजाजीनं डोळे मिटले. माळ संपली. त्यानं पुन्यांदा सुरू केली. थांबायची हिंमत न्हाई झाली त्याची.

इकडं रविराजच्या घरी काय? जेवणाची भांडी झाकलेली, पाव्हणे घड्याळ बघायलेत, मूर्तीचा पत्ता न्हाई. नऊ वाजता रविराज आन मी, दोघं बॅटरी घेऊन निघालो. हो, मी बी होतो. सारजाबाईच्या घरासमोरून गेलो. दार बंद होतं. कुलूप होतं. उजेड नव्हता, आवाज नव्हता. रविराजनं मुंजाजीच्या नावानं आईबहिणीवरून शिव्या दिल्या. सारजाबाईच्या दारात उभा राहून दिल्या. आश्रुबाकडं गेलो, तर चपला दारात आन माणूस न्हाई. रातभर हुडकलं. ओढ्यात बॅटऱ्या मारल्या.

एक तारखेला पहाटं साडेपाचला घंटा वाजली न्हाई. वाजवणारा कुठं होता? आश्रुबा रानात निघाला होता, त्याला त्या घरातून पुटपुटणं ऐकू आलं. एकाच माणसाचं. समदी वस्ती गोळा झाली. रविराजनं किल्ली लावली, फिरंना. कुलूप आतून गंजलेलं. मंग आश्रुबानं दगडानं तोडलं.

मुंजाजी कोनाड्यासमोर, उजव्या गुडघ्यावर, डावा हात भुईवर. घसा पार बसलेला, नुसते ओठ हालत होते. छप्पर रातभर गळलं होतं. मूर्तीवर एक थेंब नव्हता.

आन भुईवर…

गुडघ्यांच्या खुणा होत्या. मऊ मातीत रुतलेल्या. मुंजाजीच्या उजव्या अंगाला एक जोडी, बारकी, बाईमाणसाची. आन मागं वळीनं जोड्याच जोड्या. लहान, मोठ्या. पाऊल मात्र एकबी न्हाई. आत आलेलं न्हाई, भाईर गेलेलं न्हाई. रविराज बोट करून मागच्या मोजायला लागला. अकरावर थांबला. तिथंच संपल्या होत्या. पहिल्यांदा त्या माणसाला गप झालेलं बघितलं मी.

आठ दिवसांत कुंपण परत जागेवर गेलं, ती अकरा थडगी आत आली. मजूर मिळंना म्हणून रविराजनं सोताच्या हातानं तारा काढल्या. तळहात फाटले. मला त्याची कीव आली न्हाई, आजबी येत न्हाई.

तवापासून एकतिसावी रात्र त्याच घरात. रिकामं असलं तरी. बाया दोन दिवस आदी सारवतात, मुंजाजी जाऊन रातभर माळ म्हणायचा. एकटा. म्हणायचा, "आप्पा, पाच जन्म म्हटली तरी ती ओळ खोडल्याली फिटणार न्हाई." त्या रात्रीनंतर त्याला कवा उत्तर आलं न्हाई. खुणा बी उमटल्या न्हाईत. त्याला त्याचंच लई लागायचं. ती अजून रागावलेली हाय म्हणायचा, म्हणून बोलत न्हाई. मरताना बी मला तेच म्हणाला. तिच्याशेजारी एकदा बसू दिलं पायजे तिनं.

तर पप्पू, गीताबाई अजून जिती हाय. चिखलापल्याड एकटी बसती. आज सांजच्याला मी तिच्या घराकडून आलो. तिनं अंगण झाडून ठेवलंय. मेणबत्ती आणून ठेवलीय. तुला पेन देऊ का, का तुझ्या मोबाईलवरच लिहितोस? लिही. उद्या सारजाबाईकडं नेताना आदी गीताबाईच्या उंबऱ्यावर थांबायचं, माझ्यासमोर लिही.

लिहिलंस? दाखव.

हां.

आता शेवटचं सांगतो, मंग घरी जा. मिळून जा, एकटं कुणी जाऊ नका.

काल बायांनी सारजाबाईचं घर सारवलं. दुपारी कुलूप मी लावलं. किल्ली ही बघा, रातभर माझ्या उशाखाली होती. आज सकाळी दार उघडलं. सारवण ओलंच होतं, आरशागत साफ. पाऊल न्हाई, मांजराचं सुद्धा न्हाई.

फक्त कोनाड्यासमोर, उजव्या अंगाला, बारक्या गुडघ्यांची एक जोडी.

आन तिच्या शेजारी, अगदी खेटून, एकच गुडघा. उजवा. आन डाव्या हाताचा पंजा.